युद्धकालीन अमेरिकेतील पौगंडावस्था : वयाच्या सीमारेषांचा विचार

१९४१ च्या मे महिन्यात ऑगस्ट हॉलिंग्जहेड हे समाजशास्त्रज्ञ इलिनॉय राज्यातील एका लहानशा गावी सपत्नीक राहावयास गेले. मॉरिस हे त्या गावाचे खरे नाव. आपल्या ग्रंथात त्यांनी त्याला ‘एल्मटाउन’ असे टोपणनाव दिले. गावातील ७३५ कुमार-कुमारिकांचे वर्तन आणि त्यांच्या कुटुंबाचा सामाजिक वर्ग ह्यांचा परस्परसंबंध तपासणे हा त्यांचा हेतू होता. १९४२ च्या अखेरीस क्षेत्रकार्य आटोपले, म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षभर अमेरिका महायुद्धात होती. तथापि १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एल्मटाउन्स यूथ’ ह्या ग्रंथाचा विषय युद्ध नव्हे. मॉरिसपासून काही मैलांवर, त्याच इलिनॉय नदीच्या काठी, सेनेका नावाचे खेडे आहे. १९४० साली त्याची वस्ती जेमतेम बाराशे होती. १९४२ मध्ये तेथे रणगाडे किनाऱ्यावर उतरविणारी जहाजे बांधण्याचा कारखाना निघाला आणि पाहता पाहता वस्ती साडेसहा हजारांवर गेली. ह्या दुसऱ्या गावाचा अभ्यास रॉबर्ट हॅविगहर्स्ट आणि त्यांचे सहकारी मॉर्गन ह्यांनी केला व तो १९५१ साली ग्रंथरूपाने आला. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हॅविगहर्स्ट परिचित आहेत ते ‘विकासात्मक कार्ये’ ह्या कल्पनेमुळे; परंतु युद्धाने फुगलेल्या एका खेड्यातील शाळा आणि घरे ह्यांचे त्यांनी केलेले निरीक्षणही तितकेच उद्बोधक आहे.

हॉलिंग्जहेड ह्यांनी पौगंडावस्थेची केलेली व्याख्या पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. तिचा आशय असा की, ज्या काळात समाज एखाद्या व्यक्तीला मूल म्हणून वागविण्याचे सोडतो, परंतु प्रौढाचा पूर्ण दर्जा, भूमिका व अधिकार तिला अद्याप देत नाही, तो काळ म्हणजे पौगंडावस्था. शरीरातील बदल हे ह्या अवस्थेचे निमित्त. तिची लांबीरुंदी ठरवितो तो समाज. ही व्याख्या मान्य केली म्हणजे लागलीच प्रश्न उभा राहतो : समाजाला मुले अकस्मात हवीशी झाली, त्यांचे हात, त्यांची कमाई, अखेर त्यांचे प्राणही हवेसे झाले, तर ह्या अवस्थेचे काय होते? १९४१ ते १९४५ ह्या काळातील अमेरिकेत ह्या प्रश्नाचे उत्तर पाहावयास मिळते. मात्र ते एकच एक नाही.

प्रथम युद्धपूर्व स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९२९ नंतरच्या महामंदीत पौगंडवयीनांना नोकऱ्या उरल्या नाहीत आणि त्याचा परिणाम म्हणून ती शाळेत टिकली. १९४० च्या सुमारास चौदा ते सतरा ह्या वयाची सुमारे सात-दशमांश मुले माध्यमिक शाळेत होती आणि सतरा वर्षांच्या मुलामुलींपैकी जवळजवळ निम्मी शालान्त पदवी घेत होती. १९३८ च्या ‘न्याय्य श्रममान’ कायद्याने आंतरराज्यीय व्यापारासाठी माल काढणाऱ्या उद्योगांत सर्वसाधारण कामाला सोळा आणि धोक्याच्या कामाला अठरा अशी किमान वयोमर्यादा घातली होती. शाळा हे पौगंडवयाचे स्वाभाविक स्थान होय, ही समजूत ह्याप्रमाणे नुकतीच कोठे दृढ होऊ लागली होती. ‘नुकतीच’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एल्मटाउनमध्येही पाहणीतील निम्म्याला थोडी कमी मुले शाळेबाहेरच होती आणि त्यांत सर्वांत खालच्या वर्गातील मुलांचा भरणा फार मोठा होता.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ह्या नव्या समजुतीची कसोटी लागली. पुरुष सैन्यात गेले, कारखान्यांच्या मागण्या वाढल्या, मजुरीचे दर चढले. चौदा ते सतरा वयाच्या कामकऱ्यांची संख्या १९४० मध्ये सुमारे नऊ लाख होती. १९४४ मध्ये ती तीस लाखांच्या आसपास पोचली. त्याच अवधीत माध्यमिक शाळांचा पट दहा लाखांहून अधिक संख्येने घटला. अनेक राज्यांनी कामाचे तास, रात्रपाळी व वयाचे दाखले ह्यांविषयीचे आपले नियम सैल केले. कॅलिफोर्नियातील विमान-कारखान्यांत चार तास शाळा आणि चार तास काम अशी योजना अमलात आली. पण सगळीच मुले विमाने बांधीत होती असे समजणे चुकीचे ठरेल. पुष्कळशी मुले उपाहारगृहांत बश्या धूत होती, दुकानांत माल बांधीत होती, किंवा बोलिंगच्या खेळघरांत मध्यरात्रीपर्यंत पडलेल्या खुंट्या पुन्हा उभ्या करीत होती. प्रौढ कामकरी चांगल्या वेतनाच्या शोधात संरक्षण-उद्योगांकडे गेले व त्यांनी रिकाम्या केलेल्या जागांवर मुले आली. ‘देशासाठी काम’ ह्या घोषणेखाली झाकली गेलेली ही बाजू चिल्ड्रन्स ब्यूरो ह्या संघराज्य खात्याने वारंवार पुढे मांडली आणि शिक्षण-कार्यालयाच्या सहकार्याने ‘शाळेत परत चला’ अशी मोहीम काढली. म्हणजे एकाच सरकारचा एक हात मुलांना कारखान्याकडे ओढीत होता, तर दुसरा शाळेकडे.

शाळेनेही आपले रूप बदलले. सप्टेंबर १९४२ मध्ये ‘हायस्कूल व्हिक्टरी कोअर’ ही संघटना स्थापन झाली. हवाई, सागरी, भूसेना, उत्पादन व समाजसेवा असे तिचे पाच विभाग होते. कवायत, गणित आणि यंत्रांचे प्राथमिक ज्ञान ह्यांना तीत अग्रस्थान मिळाले. कागदावर भारदस्त दिसणारी ही संघटना १९४४ मध्ये विसर्जित झाली. तिच्यापेक्षा मुलांच्या मनात अधिक घर केले ते लहानसहान, हाताने करावयाच्या कामांनी. १९४२ च्या आरंभी नौदलाने विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी पाच लाख नमुना-विमाने मागविली आणि ती शाळांच्या सुतारशाळांतून लाकडात कोरली गेली. मित्राचे विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे केवळ आकृतीवरून कळावे, म्हणून ते नमुने काळे रंगविलेले असत. पंधरा वर्षांच्या मुलाने कानशीने घासलेल्या पंखाची जाडी प्रमाणाबाहेर गेली, तर नमुना परत येई. शाळेतील इतर कोणत्याही परीक्षेला इतके खरे प्रयोजन क्वचितच लाभले असेल.

मिल्कवीड नावाच्या रानवनस्पतीची कथा तर स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. नौसैनिकांच्या जीवरक्षक जाकिटांत कपोकचा कापूस भरीत. तो प्रामुख्याने जावा बेटातून येई. हा कपोक म्हणजे आपल्याकडील सावरीच्या कापसाचा जवळचा नातलग. मार्च १९४२ मध्ये जावा जपानच्या हाती गेले व हा पुरवठा तुटला. तेव्हा संशोधकांची दृष्टी मिल्कवीडच्या बोंडातील तलम तंतूंकडे वळली. ही वनस्पती आपल्या रुईच्याच कुळातील. रुईच्या बोंडातून उडणाऱ्या ‘म्हाताऱ्या’ ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्या तंतूंची कल्पना सहज येईल. ते आतून पोकळ व वरून मेणचट असल्याने पाण्यात दीर्घकाळ तरंगतात. १९४४ च्या शरद ऋतूत मिशिगन आणि इतर राज्यांतील शाळकरी मुले रस्त्याच्या कडेने व पडीक रानांतून ही बोंडे गोळा करीत फिरली. दोन पिशव्या बोंडे भरली की एक जाकीट होते, हे गणित त्यांना सांगितलेले होते. बोंडांवर प्रक्रिया करण्याचा कारखाना मिशिगनमधील पेटॉस्की येथे होता. ह्यात श्रम हलके होते, मोबदला अल्प होता, परंतु आपले काम आणि एका माणसाचा जीव ह्यांतील अंतर केवळ दोन पिशव्यांचे आहे, ही जाणीव बारा-तेरा वर्षांच्या मुलाला देणारी योजना साधी म्हणता येणार नाही. रबर व भंगार ह्यांच्या मोहिमा ह्यापूर्वीच, १९४२ मध्ये, झाल्या होत्या. शाळाशाळांतून दहा व पंचवीस सेंटांची युद्ध-तिकिटे विकली जात. ती चिकटवून वही भरली की पावणेएकोणीस डॉलरांचा रोखा मिळे आणि दहा वर्षांनी त्याचे पंचवीस डॉलर व्हावयाचे.

शिधावाटपाच्या पुस्तिकेत कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीची, अगदी तान्ह्या मुलाचीही, स्वतंत्र नोंद होती. साखर मे १९४२ पासून, कॉफी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून, पादत्राणे फेब्रुवारी १९४३ पासून व मांस, चीज आणि स्निग्ध पदार्थ मार्चपासून नियंत्रणाखाली आले. त्यांतील कॉफीचा नियम अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाच आठवड्यांस एक पौंड कॉफी मिळे ती केवळ पंधरा व त्यापुढील वयाच्या व्यक्तीला. शासनाने कॉफीच्या पेल्यापुरते प्रौढत्व पंधराव्या वर्षी बहाल केले होते! विनोदाचा भाग सोडला तरी त्या काळातील वयाच्या रेषा एकत्र मांडून पाहाव्यात. कॉफीला पंधरा, कारखान्याला सोळा, पालकांच्या संमतीने नौदलात भरतीला सतरा, सक्तीच्या भरतीला अठरा आणि मताधिकाराला एकवीस. प्रत्येक रेषेमागे त्या त्या खात्याची गरज होती. पौगंडावस्था कोठे संपते ह्याविषयी एकमत असे नव्हतेच.

ह्या रेषांपैकी सर्वांत निर्णायक रेषा युद्धकाळातच सरकली. १९४० च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात किमान वय एकवीस होते. पर्ल हार्बरनंतर ते वीस झाले आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये अठरा. शालेय वर्षाच्या उत्तरार्धात ज्याला बोलावणे येई, त्याला ते वर्ष पूर्ण करण्यापुरती सवलत मागता येई. शाळेचा शेवटचा वर्ग आणि रणांगण ह्यांमध्ये आता कोणताही टप्पा उरला नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे भविष्य हा त्याचा खाजगी बेत न राहता दिनदर्शिकेवरील एक तारीख झाली. मुलींच्या बाबतीत अशी तारीख नव्हती. परंतु ज्यांच्यासह त्या शाळेत वाढल्या ती मुले एकामागून एक निघून जात होती. दाराशी तार घेऊन येणारा पोऱ्याही बहुधा पौगंडवयीनच असे. दुसऱ्याच्या घरी मृत्यूची वार्ता पोचविण्याचे काम मुलांच्या वाट्यास येणे, हा त्या काळाचा एक विलक्षण प्रकार होय. विल्यम सरोयन ह्यांच्या ‘द ह्यूमन कॉमेडी’ (१९४३) ह्या कादंबरीचा चौदा वर्षांचा नायक असाच तारा वाटणारा मुलगा आहे. लेखकाने तो कल्पनेने उभा केला असला तरी त्याचा व्यवसाय वास्तवातला होता.

आता ह्याच्या नेमकी उलट दिसणारी गोष्ट. ज्या काळात पौगंडावस्था आखूड होत होती, त्याच काळात ती एक स्वतंत्र सामाजिक वर्ग म्हणून ठळकही होत होती. टाल्कट पार्सन्स ह्यांनी १९४२ मधील एका निबंधात ‘युवक-संस्कृती’ ही संज्ञा वापरली. ‘टीन-एजर’ हा शब्दही त्याच दशकात सर्वतोमुखी झाला. कारण सरळ आहे : मुलांच्या खिशात पैसा होता, मोटारगाड्यांचे नागरी उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्येच थांबलेले असल्याने आणि पेट्रोल व टायर शिध्यावर असल्याने तो खर्च करण्यास वाटा थोड्या होत्या. तबकड्या, चित्रपट, कपडे ह्यांकडे तो वळला. सप्टेंबर १९४४ मध्ये हेलन व्हॅलेंटाइन ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘सेव्हन्टीन’ हे कुमारिकांचे मासिक निघाले आणि पहिल्या अंकाच्या चार लाख प्रती सहा दिवसांत संपल्या. पुढील महिन्यात, १२ ऑक्टोबरला, फ्रँक सिनात्रा ह्यांच्या गायनासाठी न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट नाट्यगृहाबाहेर हजारो मुलींची झुंबड उडून पोलिसांची तारांबळ झाली. हे पाहून वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. परंतु ज्या मुली दिवसा शाळा, सायंकाळी दुकान आणि घरी धाकट्या भावंडांचा सांभाळ अशी तिहेरी जबाबदारी वाहत होत्या, त्यांनी काही तास केवळ आपल्याच वयाच्या गर्दीत घालविले, ह्यात अनाकलनीय असे काही नाही.

बालगुन्हेगारीविषयीची ओरड हा ह्याच चित्राचा एक भाग होय. वडील आघाडीवर, आई कारखान्यात आणि गळ्यात घराची किल्ली अडकविलेले मूल रस्त्यावर, हे चित्र वृत्तपत्रांनी घरोघर पोचविले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४३ मध्ये सिनेटर क्लॉड पेपर ह्यांच्या उपसमितीने ह्या विषयावर साक्षी घेतल्या. मोबाइल, डेट्रॉइटजवळील विलो रन अशा फुगलेल्या औद्योगिक वस्त्यांत परिस्थिती खरोखर बिकट होती. शाळा दोन पाळ्यांत भरत, कुटुंबे फिरत्या गाड्यांत राहत. ॲग्नेस मेयर ह्यांनी अशा वस्त्यांतून प्रवास करून लिहिलेला वृत्तान्त १९४४ साली प्रसिद्ध झाला, तो आजही वाचनीय आहे. तथापि गुन्ह्यांच्या वाढीचे आकडे सावधपणे वापरले पाहिजेत, असा इशारा चिल्ड्रन्स ब्यूरोने त्याच वेळी दिला होता. नोंदणीच्या पद्धती बदलल्या की आकडे बदलतात. शिवाय ‘गुन्हा’ ह्या शब्दाचा अर्थ मुलामुलींसाठी एकच नव्हता. मुलाच्या बाबतीत तो बहुधा चोरी वा मोडतोड असे. मुलीच्या बाबतीत मात्र सैनिकांबरोबर हिंडणे एवढेही पुरेसे होई. त्याच सैनिकाकडे कोणी बोट दाखवीत नसे. संचारबंदीपेक्षा गावोगावी कुमारांसाठी निघालेली नृत्य व खेळांची ‘कँटीने’ अधिक समंजस म्हटली पाहिजेत. त्यांतील पुष्कळांचा कारभार मुलांनीच पाहिला.

येथवरचे वर्णन बहुतांशी गौरवर्णीय मध्यम व कामकरी वर्गाचे आहे. त्याबाहेर पाऊल टाकले की वयाच्या रेषांना वंशाची रेषा छेदते. डेट्रॉइटमध्ये २० जून १९४३ रोजी बेल आइल उद्यानात तरुणांच्या चकमकींतून पेटलेल्या दंगलीत ३४ माणसे मेली. त्यांतील २५ कृष्णवर्णीय होती. त्याच महिन्याच्या आरंभी लॉस एंजेलिसमध्ये नाविकांच्या टोळ्यांनी मेक्सिकन वंशाच्या मुलांना चित्रपटगृहांतून व ट्रामगाड्यांतून ओढून बाहेर काढले, मारले आणि त्यांचे कपडे फाडले. लांब कोट व घोळदार विजार असा त्या मुलांचा ‘झूट सूट’ असे. लोकरीच्या वापरावर १९४२ पासून निर्बंध असल्याने हा पोशाख देशद्रोहाचे लक्षण ठरविण्यात आला. पोलिसांनी अटक केली ती मुख्यतः मार खाणाऱ्यांना आणि नगरपरिषदेने तो पोशाख घालण्यावरच बंदी आणण्याचा ठराव केला. गणवेशातील अठरा वर्षांचा नाविक प्रौढ आणि देशभक्त. सुटातील सतरा वर्षांचा मुलगा मात्र गुंड.

जपानी वंशाच्या कुमारांचा अनुभव तर ह्या विषयाच्या मर्मालाच भिडतो. १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेश क्रमांक ९०६६ अन्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरे सोडावयास लावून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांपैकी दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते आणि त्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी होती. मॅन्झनार, टोपाझ, हार्ट माउंटन इत्यादी छावण्यांत माध्यमिक शाळा उघडल्या. आरंभी बाके नव्हती, पुस्तके अपुरी होती. अशा वर्गांत ही मुले ध्वजाला वंदन करून स्वातंत्र्य आणि न्यायाची शपथ म्हणत. फेब्रुवारी १९४३ मध्ये सतरा वर्षांपुढील प्रत्येकाला एक प्रश्नपत्रिका भरावी लागली. सत्ताविसावा प्रश्न सैन्यात लढण्याच्या तयारीविषयी होता. अठ्ठाविसावा अमेरिकेवरील निष्ठेचा आणि जपानच्या सम्राटाशी असलेला संबंध तोडण्याचा. ज्याचा असा संबंध कधी नव्हताच, त्याने तो तोडावयाचा कसा? आईवडिलांना कायद्याने नागरिकत्व घेता येत नव्हते. त्यांनी ‘होय’ म्हटले तर ते कोणत्याच देशाचे राहत नव्हते, असे त्यांना वाटले. मुलाचे उत्तर आणि आईवडिलांचे उत्तर भिन्न आले, तर कुटुंबाची ताटातूट होण्याचे भय होते. मताधिकाराला चार वर्षे अवकाश असलेल्या मुलावर आपल्या साऱ्या घराचे राष्ट्रीयत्व ठरविण्याची पाळी आली. जानेवारी १९४४ पासून ह्याच छावण्यांतील तरुणांना सक्तीची भरती पुन्हा लागू झाली. बहुतेक गेले, त्यांच्या ४४२ व्या पलटणीचा लौकिक सर्वज्ञात आहे. हार्ट माउंटनमधील ६३ जणांनी, आधी आमचे नागरी हक्क परत करा, अशी भूमिका घेऊन नकार दिला आणि तुरुंग पत्करला. १९४७ साली त्यांना क्षमा करण्यात आली. छावण्यांबद्दल राष्ट्राने रीतसर माफी मागितली ती १९८८ मध्ये.

जॉर्जिया राज्याने ऑगस्ट १९४३ मध्ये मताधिकाराचे वय अठरावर आणले. लढण्यास पुरेसा मोठा, तो मत देण्यासही, हा युक्तिवाद त्यामागे होता. सबंध देशाने तो मान्य केला १९७१ साली, सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. तोवर १९४३ मधील पंधरा वर्षांची मुले त्रेचाळीस वर्षांची झाली होती आणि त्यांचे मुलगे व्हिएतनामसाठी भरतीच्या वयाचे.

ह्या पिढीच्या अभ्यासाची साधने दोन प्रकारची आहेत. विल्यम टटल ह्यांचा १९९३ चा ‘डॅडीज गॉन टु वॉर’ हा ग्रंथ, प्रौढ झालेल्या त्या वेळच्या मुलांनी आठवून लिहिलेल्या सुमारे अडीच हजार पत्रांवर आधारलेला आहे. ग्लेन एल्डर ह्यांनी कॅलिफोर्नियातील दीर्घकालीन नोंदी वापरून, १९२० च्या सुमारास आणि १९२८ च्या सुमारास जन्मलेल्यांत आठच वर्षांच्या अंतराने केवढा फरक पडला हे दाखविले. आठवणींना काळाची पुटे चढतात; समकालीन नोंदी अभ्यासकाच्या प्रश्नांपुरत्याच बोलतात. ह्या दोहोंहून वेगळे साधन म्हणजे मुलांनी त्या वेळी लिहिलेली पत्रे. सॅन डिएगोच्या सार्वजनिक ग्रंथालयातील बालविभागाच्या ग्रंथपाल क्लॅरा ब्रीड ह्यांनी एप्रिल १९४२ मध्ये रेल्वेस्थानकावर आपल्या जपानी वंशाच्या बालवाचकांना पत्ता घातलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डे वाटली. मुले प्रथम सांता अनिताच्या घोडशर्यतीच्या मैदानात व नंतर ॲरिझोनाच्या वाळवंटातील पोस्टन छावणीत गेली आणि तेथून त्यांनी लिहिले. ही पत्रे आता लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांत वाचलेल्या पुस्तकांविषयी मजकूर आहे, धुळीविषयी आणि उष्म्याविषयी आहे, पाठविलेल्या वस्तूंबद्दल आभार आहेत आणि जमल्यास आणखी काय पाठवावे ह्याची नम्र विनंती आहे.